टेक्स्चरची पात्रं, बोनचा रिग : आमची वाटचाल

आमचा टू-डी ॲनिमेशनचा स्टुडिओ छोटा आहे. चित्र काढणारे, रिग (पात्र हलवण्यासाठीचा सांगाडा) बांधणारे आणि हलवणारे असे सगळे मिळून एका टेबलाभोवती मावतात. सुरुवातीची कामं सपाट रंगातल्या पात्रांची होती. दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, दोन्हींची टोकं गोल, दोन्ही गोलांचा केंद्रबिंदू एकच आणि त्याच बिंदूवर बोन, म्हणजे अवयव फिरवणारं सांगाड्यातलं हाड. असं बांधलं की हात कसाही फिरवा, फट पडत नाही. सपाट रंग बरंच काही झाकून घेतो.

आता येणारी बहुतेक पात्रं टेक्स्चरची असतात. कागदाचा खरखरीतपणा, खडूचा रवा, लोकरीची वीण, कोरड्या ब्रशचे ओरखडे असं काही ना काही ग्राहकाला हवंच असतं. पूर्वी रिग झाल्यावर टेक्स्चर चढवायचं असा क्रम होता. आम्ही तो उलटा केला आणि आमच्या कामात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. टेक्स्चर हे रंगकाम नाही, तो रिगचा भाग आहे. कुठे किती बिंदू ठेवायचे, पात्राचे तुकडे कुठे पाडायचे, कुठलं बोन किती ताणू द्यायचं, हे टेक्स्चर बघूनच ठरतं.

व्हेक्टर (बिंदू आणि रेषांनी बनलेल्या) आकाराच्या फिलमध्येच, म्हणजे आतल्या रंगभरणीतच, टेक्स्चर टाकणं हा सोपा रस्ता. पात्र उभं असेपर्यंत ते झकास दिसतं. पण फिलमधलं टेक्स्चर बऱ्याचदा आकाराभोवतीच्या चौकटीला बांधलेलं असतं, आकाराच्या बिंदूंना नाही. कोपर वाकलं की चौकट लहानमोठी होते आणि रवा कातडीवरून घसरताना दिसतो. म्हणून आम्ही प्रत्येक अवयवाचा एक गट करतो. तळाशी सपाट रंगाचा व्हेक्टर, तोच मास्क, म्हणजे त्याच्या बाहेरचं टेक्स्चर दिसत नाही. त्यावर करड्या छटांमधली टेक्स्चरची इमेज, खालच्या रंगाशी गुणून मिसळणाऱ्या मल्टिप्लाय मोडवर. सगळ्यात वर बाह्यरेषा, मास्कच्या बाहेर.

मल्टिप्लायमध्ये पांढरा काहीच बदलत नाही, बाकी प्रत्येक छटा रंग गडदच करते. त्यामुळे टेक्स्चरचा सरासरी उजेड आम्ही ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. त्याहून खाली गेलं की ग्राहकाने मंजूर केलेला रंग पडद्यावर मळकट दिसतो. मल्टिप्लाय गटाच्या आतच राहायला हवा. बाहेर सुटला तर हातावरचा रवा मागच्या सदऱ्यावरही उमटतो. टेक्स्चरची इमेज मास्कच्या कडेपेक्षा सगळीकडून १०–१५ पिक्सेल मोठी ठेवायची, नाहीतर वाकताना कडेला टेक्स्चर नसलेली बारीक पट्टी उघडी पडते.

गोल सांध्यांची एक वेगळी अडचण होते. सपाट रंगात दोन गोल एकमेकांत विरघळून जातात. टेक्स्चरमध्ये मात्र दोन तुकड्यांचा रवा जुळत नाही आणि सांध्यावर चंद्रकोरीसारखी शिवण दिसते. उपाय असा की फिलची कड कडकच ठेवायची आणि फक्त टेक्स्चर सांध्याजवळ हळूहळू विरळ करत न्यायचं. फिलच मऊ केली तर हात मध्येच पारदर्शक दिसतो. शिवण अजिबातच चालणार नसेल, तर अख्खा हात एकच तुकडा ठेवायचा आणि मेशने, म्हणजे चित्रावर पसरलेल्या बिंदूंच्या जाळीने, वाकवायचा. आमची मुख्य पात्रं आता अशीच बनतात. गर्दीतल्या पात्रांना गोल सांधे पुरतात.

आमचं बरंचसं काम मोहो या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये चालतं. पूर्वीचं ॲनिमे स्टुडिओ ते हेच. त्यात २०१२ मध्ये नवव्या आवृत्तीत स्मार्ट बोन (फिरवल्यावर ठरवून ठेवलेली दुरुस्ती आपोआप लावणारे) आले आणि २०१६ मध्ये बाराव्या आवृत्तीत स्मार्ट वॉर्प (मेशने चित्र वाकवणारं). टेक्स्चरच्या पात्रांसाठी ही दोन्ही साधनं एकत्रच वापरायची असतात. व्हेक्टरचे बिंदू हाताने एकेका बोनला बांधता येतात, इमेजला मात्र स्वतःचे बिंदू नसतात. फिल एका पद्धतीने बांधली आणि इमेज दुसऱ्या, की वाकताना मास्क एकीकडे आणि टेक्स्चर दुसरीकडे जातं. म्हणून मेश एकच करायची आणि तीच फिललाही लावायची, टेक्स्चरलाही. मग दोन्ही एकत्रच वाकतात.

आता कोपर. मेशमध्ये सांध्यावर बिंदूंच्या तीन आडव्या ओळी: मधली बरोबर सांध्यावर, बाकी दोन हाताच्या जाडीच्या साधारण निम्म्या अंतरावर, एक वर आणि एक खाली. वरची ओळ दंडाच्या बोनला बांधायची, खालची कोपराखालच्या बोनला, मधली दोघांच्या प्रभावात मोकळी सोडायची. सरळ भागात बिंदू जवळजवळ नकोतच. मेश दाट केली म्हणजे वाकणं सफाईदार होतं हा गैरसमज आहे. दाट मेशमध्ये आतल्या बाजूचे त्रिकोण लवकर एकमेकांवर चढतात, उलटे होतात, आणि त्या जागी टेक्स्चर चुरगळतं.

हे चुरगळणं ९० अंशांच्या आसपास सुरू होतं, ते दुरुस्त करायला स्मार्ट बोनची ॲक्शन, म्हणजे बोनच्या कोनाला जोडलेली बदलांची नोंद. ॲक्शनचं नाव बोनच्या नावासारखंच, अक्षरही इकडचं तिकडे नको. कोपर १३० अंशांपर्यंत वाकणार असेल तर ० अंशाची की (त्या फ्रेमवर नोंदवलेली स्थिती) फ्रेम १ वर आणि १३० अंशांची फ्रेम १३१ वर ठेवा. दोन्ही की लिनियर, म्हणजे मधला बदल एकसारख्या वेगाने. म्हणजे एक फ्रेम, एक अंश. ९० अंशांची दुरुस्ती मग बरोबर फ्रेम ९१ वर बसते, शोधत बसावं लागत नाही. तिथे आतले बिंदू थोडे बाहेर ओढायचे, बाहेरचे किंचित फुगवायचे, आणि फ्रेम १३१ वर हेच जरा जास्त करायचं. की लिनियर नसल्या तर हा हिशेब कोलमडतो. मान आणि कंबर दोन्ही दिशांना वाकतात, त्यांना दुसरी ॲक्शन लागते; तिच्या नावापुढे एक जागा सोडून फक्त २ जोडायचा. बांधणी मात्र सगळी शून्य फ्रेमवरच.

खरं टेक्स्चर घालण्याआधी आम्ही काळ्यापांढऱ्या चौकटींची इमेज घालून चाचणी घेतो, चौकटी ३२ पिक्सेलच्या. प्रत्येक सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४ फ्रेममध्ये फिरवायचा आणि चौकटींकडे बघायचं. चौकोनाचा तिरका पतंग झाला तर चालतं. रुंदी निम्म्यावर आली तर तिथे मेश किंवा ॲक्शन सुधारायला हवी. रवाळ टेक्स्चरमध्ये हे दोष डोळ्याला सापडत नाहीत, काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवतं.

बोन ताणण्याची मर्यादा टेक्स्चर असलेल्या अवयवांसाठी ०.८ ते १.२५. त्यापुढे गोल रवा लंबगोल दिसायला लागतो. जास्त ताण हवाच असेल तर त्या दोन-तीन फ्रेमना वेगळं चित्र बदलून लावतो. गुडघा आणि कोपर मूळ चित्रातच ५–१० अंश वाकवून काढून घेतो. पाय अगदी सरळ असेल तर आयकेला (टोक ओढलं की मधले सांधे आपोआप वाकवणाऱ्या सोयीला) कुठल्या दिशेने वाकायचं तेच कळत नाही आणि गुडघा मागे जातो.

हार्मनी या दुसऱ्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये काम मागणारे ग्राहकही आहेत. तिथे टेक्स्चरच्या व्हेक्टर ब्रशने काढलेल्या रेषेतच बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचं चित्र, साठवलेला असतो, त्यामुळे पिक्सेल घनता चित्र काढायला बसण्याआधी ठरवावी लागते. नंतर वाढवली तरी गेलेला तपशील परत येत नाही.

रिझोल्यूशनचा प्रश्न सगळीकडे येतो, म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही एकच गोष्ट हटकून विचारतो: सगळ्यात मोठा क्लोजअप केवढा? १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये चेहरा ८०० पिक्सेल उंच दिसणार असेल तर त्याचं टेक्स्चर १२०० पिक्सेलचं, म्हणजे दीडपट. त्याहून मोठं करून हाती काही लागत नाही, फाइल तेवढी जड होते. २०४८ × २०४८ ची एक इमेज मेमरीत उघडली की १६ एमबी खाते, आणि एका पात्राला अशा डझनभर इमेज सहज लागतात.

कोटेशनचे भाग दोन: रिग बांधणीचा वेगळा, ॲनिमेशनचा वेगळा. बांधणीच्या भागात कोन किती (समोरून, पाऊण, बाजूने), तोंडाचे आकार किती आणि सगळ्यात अवघड पोझ कोणती हे लिहून घेतो. चौकटींच्या चाचणीचा व्हिडिओ ग्राहकाने मंजूर केला की रिग बंद. त्यानंतर कपड्याचा रंग बदलायचे पैसे घेत नाही, कारण टेक्स्चर करड्या छटांमध्ये आहे आणि रंग फिलमधून येतो. नक्षी बदलायची असेल तर मात्र बांधणीचं काम पुन्हा मोजतो. पट्टे आणि चौकडा शक्यतो घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो; रव्यात लपणारा प्रत्येक ताण पट्ट्यात उघडा पडतो. तरी हट्ट असेल तर पट्ट्यांच्या बाहीला मेश वेगळी आणि आकारही वेगळा.

हाताने काढल्यासारखी थरथर हवी असते तेव्हा एकाच टेक्स्चरचे तीन प्रकार करून सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात दर तीन फ्रेमनी आलटूनपालटून लावतो. तिन्हींचा सरासरी उजेड एकसारखा हवा, नाहीतर पात्र दिव्यासारखं लुकलुकतं.

पात्र विरत जाण्याचा शॉट असेल तर पारदर्शकता एकेका अवयवाला न देता अख्ख्या पात्राच्या गटाला द्यायची, नाहीतर सदऱ्यातून दंड दिसतो. फाइल सोपवताना रिग आणि टेक्स्चरचं फोल्डर एकत्रच जातं. डावा-उजवा हात पात्राचा, बघणाऱ्याचा नाही, हे नावांच्या यादीत वरच लिहिलेलं असतं. इमेजची नावं किंवा फोल्डरमधली जागा बदलू नका, असंही सोबतच्या कागदावर असतं. बदलली की रिगमधला दुवा तुटतो आणि पात्र नुसतं सपाट रंगात उघडतं.