वरून की खालून?

उड्डाणपूल सुरू होतो तिथे, मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्या बेचक्यात, काँक्रीटचं नाक पुढे आलेलं असतं. वरून जायचं की खालून, हे ज्याचं शेवटपर्यंत ठरत नाही तो त्या नाकावरच जाऊन आदळतो. महामार्गाच्या देखभालीत नऊ वर्षं काढली, तरी ते नाक दिसलं की अजून पोटात गोळा येतो.

अशाच एका नाकापुढे वाळूची पिवळी पिंपं बसवायची होती. संध्याकाळी साइटवर पोचलो तर सगळी काठोकाठ भरलेली. मुकादम खुशीत होते. "साहेब, एकही रिकामं ठेवलं नाही." त्यांची चूक नव्हती, नकाशा त्यांना दाखवलाच नव्हता. सगळ्यांत पुढच्या पिंपात जेमतेम ९० किलो वाळू हवी. मग १८०, ३२०, ६४० असं वाढत मागे ९६०. गाडी एकेक पिंप फोडते, त्यातली वाळू उडवते आणि दर वेळी थोडा वेग तिला देऊन बसते. अर्ध्या मीटरऐवजी पाच मीटरांत थांबली, तर अंगावरचा धक्का दहा पटींनी उतरतो. पण पुढचंच पिंप गच्च असेल तर ती आणखी एक भिंत झाली.

"मामा, उपसायची."

अंधारात पुन्हा घमेली चालू झाली. पोरं वैतागली. अर्धवट पिंपं बघून लोक म्हणतील वाळू खाल्ली, ही मामांची काळजी. चहाच्या वेळी त्यांना जॉन फिच या रेसिंग ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. १९५५ साली फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत त्याचा जोडीदार गाडीसकट प्रेक्षकांच्या कठड्यावर आदळला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच फिचने पुढे रस्त्यांसाठी ही पिंपं शोधली. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर स्वतःच फावडं घेऊन उठले.

अकराव्या दिवशी पहाटे पावणेपाचला पेट्रोलिंगवाल्यांचा फोन आला. पोचलो तेव्हा रस्ताभर वाळू, पाच पिंपांच्या चिंध्या, गाडीचं बॉनेट दुमडलेलं. मागची जड पिंपं मात्र जागच्या जागी. कडेला एक आजी बसल्या होत्या, मांडीवर नातू, त्याच्या केसांत वाळू. चालकाचं मनगट सुजलं होतं. तो एकच वाक्य घोकत होता, "खालून जायचं होतं हो, खालून."

ॲम्ब्युलन्स गेली आणि माझं लक्ष नाकाकडे गेलं. ते आता उघडं पडलं होतं. पिंप एकदाच कामी येतं. पुढची गाडी कधी येईल, सांगता येत नाही. कोन लावून ती लेन बंद केली, स्टोअरमधून नवी पिंपं मागवली. टेम्पोतून मामा उतरले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोरगा घमेली ओतत होता आणि मामा मोजत होते. सहाव्याला त्यांनी हात आडवा धरला.

"बास. हे पुढचं आहे."