आंडोरले कोनती गाडी लेऊ?

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो. खेड्यावरून आलेला शेतकरी अहिराणीत विचारतो, "दादा, आंडोरले कोनती गाडी लेऊ?", म्हणजे मुलाला कोणती गाडी घेऊ; आणि गावातले नोकरदार गृहस्थ विचारतात, "मुलाला बक्षीस द्यायचे आहे, स्कूटर घ्यावी की मोटारसायकल?" दिवाळीच्या सुमारास कपाशीचे पैसे हाती आले की हाच प्रश्न पुन्हा सुरू होतो. अमळनेरात अठ्ठावीस वर्षे दुचाकी दुरुस्तीचे काम केल्यामुळे मी एखाद्या गाडीचे नाव सांगून मोकळा होईन, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी मात्र आधी मुलाचे वय विचारतो आणि मग मुलालाच सोबत घेऊन यायला सांगतो. काहींना हे उत्तर टाळल्यासारखे वाटते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहितो आहे.

वयाची गोष्ट आधी, कारण तिच्यात तडजोड नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची. घरोघरी लुना असायची त्या काळात या सवलतीला अर्थ होता. आज शोरूममध्ये उभी असलेली साधी स्कूटरसुद्धा ११० सीसीच्या आसपास असते, त्यामुळे "सोळाव्या वर्षाचे लायसन आहे ना त्याच्याकडे" हे समाधान त्या स्कूटरला लागू होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई ती मालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे वडिलांनी हौसेने दिलेल्या भेटीपायी शेत विकण्याची पाळी येऊ शकते. हे मी पालकांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्यांची अडचण मला ठाऊक आहे. गावाहून कॉलेजला यायचे तर एसटीची वेळ आणि तासाची वेळ जुळत नाही, आणि मुलगी असेल तर संध्याकाळी स्टँडवर ताटकळत बसण्याची काळजी वेगळीच. गरज खरी असते, आणि म्हणूनच तिच्यासाठी निवडलेले वाहन योग्य असले पाहिजे.

वयाचा प्रश्न सुटला तरी मापाचा राहतो, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच होते. २००९ साली माझा भाचा बारावी झाला. त्याचे वय १८ पूर्ण होते, लायसन काढून झाले होते, आणि मामाने काही द्यावे म्हणून मी त्याला १५० सीसीची मोटारसायकल घेऊन दिली. इंजिन उत्तम, गाडी देखणी, किंमतही मी घासाघीस करून कमी करवली होती. त्याला गाडीवर बसवून पाहायचे तेवढे मात्र माझ्याकडून राहून गेले. अंगाने बारीक असलेल्या त्या मुलाचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते. तिसऱ्या आठवड्यात बोरी नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर समोरून कपाशीने भरलेला ट्रॅक्टर आला म्हणून तो बाजूला थांबला. उताराच्या बाजूला टेकवलेला पाय वाळूत सरकला, आणि दीडशे किलोंच्या जवळपास वजनाची ती गाडी त्याच्या घोट्यावर पडली. त्या क्षणी गाडीचा वेग शून्य होता. घोट्याचे हाड मोडले, त्याचे ते वर्ष लंगडत गेले. तेव्हापासून मी मुलाला पाहिल्याशिवाय गाडीचे नाव सांगत नाही.

आता मी काय पाहतो, ते सांगतो. मुलाला सीटवर बसवून हँडल सरळ धरायला सांगतो. दोन्ही पाय एकाच वेळी खाली ठेवल्यावर तळव्याचा निदान पुढचा अर्धा भाग जमिनीवर भक्कम टेकला पाहिजे. एक पाय टेकवण्यासाठी कंबर एका बाजूला सरकवावी लागत असेल तर ती गाडी त्याची नाही. हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे, कारण हात ताणून बसलेल्या चालकाला वळणावर हँडल पूर्ण फिरवता येत नाही. ब्रेकच्या लिव्हरवर बोटांची पेरे नीट बसतात की नुसती टोके पोहोचतात, हेही पाहतो. मग इंजिन बंद ठेवून गाडी साइड स्टँडवरून सरळ करणे, दहा पावले मागे ढकलणे, वळवणे आणि मेन स्टँड असेल तर त्यावर चढवणे, एवढे त्याला एकट्याने करायला लावतो. ज्याला बंद गाडी सांभाळता येत नाही, त्याला ती चालू असताना गर्दीत सांभाळता येईल असे मानण्याला आधार नाही. शेतकरी बापाला हे पटवायला मला वेळ लागत नाही. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला जुंपत नाही, आणि जू सुद्धा त्याच्या मानेच्या बेताचे पाहतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या ग्राहकाने मला वेगळाच प्रश्न विचारला. त्यांची मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते आणि जावयाने नातवासाठी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी घ्यायचे ठरवले होते. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी साखळपट्टा असे ते यंत्र मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण फोनवर माहिती वाचताना एक गोष्ट मनात ठसली. तिकडच्या कंपन्या मुलांसाठी वेगळे, लहान मापाचे स्नोमोबाइल बनवतात. त्याचे इंजिन सुमारे १२० सीसीचे असले तरी वेग ताशी साधारण १३ किलोमीटरवर बांधलेला असतो, आणि मुलाच्या अंगाला जोडलेली एक दोरी असते. मूल पडले की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. मिनेसोटात बाराव्या वर्षापासून सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्रावर हे वाहन चालवता येते, तरीही अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला १६ वर्षांखालील मुलांनी ते चालवूच नये असा आहे. मी आजोबांना डॉक्टरांचाच सल्ला जावयाला कळवायला सांगितला. मला हळहळ वाटली ती आपल्याकडची. तिथे निदान यंत्र मुलाच्या मापाचे करून देतात; आपल्याकडे सायकलवरून उतरलेला मुलगा थेट शंभर किलोंच्या पुढच्या गाडीवर बसतो, मधली पायरीच नाही.

ही मधली पायरी आता काही प्रमाणात तयार झाली आहे. ज्या विजेच्या दुचाकीची मोटार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत आहे, अशी मान्यताप्राप्त गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी मी आज हीच सुचवतो. मान्यतेचा कागद मात्र मागून घ्यावा, आणि "आपण हिचा वेग वाढवून देतो" असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानातून तसेच परत यावे. वेग वाढवला की ती मोटार वाहन होते आणि वर सांगितलेला सगळा कायदा तिला लागू होतो. आपल्या खान्देशातल्या उन्हाचाही विचार करावा. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बॅटरी पत्र्याच्या शेडखाली चार्ज करू नये, आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. सोळाच्या आतल्या मुलांसाठी माझे उत्तर सायकल हेच आहे, आणि तीही "वाढत्या अंगाची" म्हणून एक माप मोठी घेऊ नये.

अठरा पूर्ण झाले असतील तर गाडी हलकी आणि कमी उंचीची घ्यावी. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची किंवा ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देण्याची (एबीएस) सोय सक्तीची झाली, त्यामुळे जुनी गाडी घेताना ती कोणत्या वर्षाची आहे हे जरूर पाहावे. रंग आणि कंपनी यांबद्दल मला फारसे सांगायचे नाही. गावात ज्या गाडीचे सुटे भाग मिळतात ती चांगली.

हेल्मेट मात्र गाडीच्या आधी घ्यावे आणि मुलाला सोबत नेऊनच घ्यावे. भुवयांच्या थोडे वर टेपने डोक्याचा घेर मोजावा, आयएसआय खूण पाहावी, पट्टा लावून डोके हलवल्यावर हेल्मेट वेगळे फिरत असेल तर लहान माप मागावे. माझ्या भाच्याला आता स्वतःची मुलगी आहे. तिला अजून सहा वर्षे गाडी मिळायची नाही, पण परवा तो तिला घेऊन गॅरेजमध्ये आला होता, आणि तिची सायकलची सीट किती खाली घ्यायची ते आम्ही दोघांनी तिला बसवून ठरवले.