एक खिडकी बंद

दहावीच्या सहामाहीत ६ आणि ३ ओहमचे रोध, म्हणजे विजेच्या वाटेतले अडथळे, समांतर जोडणीत दिले होते. परिणामी रोध मी १/२ ओहम लिहिला. १/६ अधिक १/३, बेरीज अचूक होती. शेवटी अपूर्णांक उलटा करायचा राहिला.

तपासलेला पेपर परत देताना सरांनी विचारलं, "दोन्ही ३ ओहमचे असते तर किती आलं असतं?"

"दीड."

"मग त्यातला एक ६ चा असताना दीडच्या खाली कसं जाईल?"

मला काही सुचेना. मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर ठाणे स्टेशनच्या दोन तिकीटखिडक्या काढल्या. एकीवर माणसामागे ३ मिनिटं लागतात, दुसरीवरचा कारकून सावकाश, त्याला ६ लागतात. सहा मिनिटांत इथून दोघं सुटले, तिथून एक. तिघं झाले, म्हणजे माणसामागे २ मिनिटं. परिणामी रोध २ ओहम! कारकून कितीही सावकाश असो, खिडकी वाढली की रांग हलतेच. तोच माणूस आधी एका आणि मग दुसऱ्या खिडकीवर उभा राहिला तर ३ अधिक ६, नऊ; ती एकसर जोडणी. सूत्र मला पाठ होतं, पण ते कशाचं आहे हे त्या दुपारी कळलं.

नंतर प्रयोगशाळेत तारांची टोकं काचकागदानं लख्ख घासून आम्ही दोन्ही जोडण्या केल्या. ६ व्होल्टला एकसर जोडणीत काटा पाऊण अँपिअरच्याही अलीकडे थांबला, समांतर जोडणीत थेट ३ वर गेला. ज्याच्या नावाचं हे एकक आहे तो ओहम स्वतः जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिक्षक होता, तिथल्याच प्रयोगशाळेत त्यानं मोजमापं घेतली आणि १८२७ मध्ये व्होल्टेज, प्रवाह आणि रोध यांचं नातं सांगणारा आपला नियम पुस्तकात मांडला, हे सर फार अभिमानानं सांगत.

पुढे आयटीआय करून मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. पहिल्याच पावसाळ्यात एक ओव्हन नीट तापेना. आत ४८ ओहमचे तीन हीटर समांतर जोडलेले. सप्लाय बंद करून मीटर लावला. १६ दिसायला हवे होते, दिसले २४.

"एक खिडकी बंद आहे," मी म्हणाले.

फोरमन बघतच राहिले. झाकण काढलं, तर मधल्या हीटरच्या टर्मिनलवरची तार काळी पडून तुटली होती.