नराच्या पोटात अंडं

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. नांदेडचं ऊन असं, की मायक्रोटोमवर, म्हणजे ऊतीचे पातळ छेद कापायच्या यंत्रावर, माशांची ऊती बसवलेले मेणाचे ठोकळे मऊ पडत होते. फ्रीजमधून एकेक काढायचा, भराभर छेद घ्यायचे आणि परत आत ठेवायचा. एमएस्सीच्या मुलांचा प्रकल्प साधाच होता: गोदावरीतल्या बारीक मासळीच्या नरांत शुक्रपेशी कोणत्या महिन्यात किती पिकतात ते पाहायचं. दरवर्षी कुणीतरी हा विषय घेतंच.

दुपारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इकडं बघा ना. हे काय दिसायलंय? स्लाइड बदलली काय की."

मी डोळा लावला. वृषणच होतं. शुक्रपेशींचे जांभळे ठिपके मोहरी सांडल्यासारखे दाट पसरले होते, आणि त्यांच्या मधोमध एक मोठी गोल पेशी बसली होती. तिचं केंद्रक फिकट आणि फुगीर होतं, कडेनं गर्द ठिपक्यांची माळ. हे रूप मी वर्गात फळ्यावर शेकडो वेळा काढलंय. ती कोवळी अंडपेशी होती.

पहिला संशय आमच्याच हातावर घेतला. कापताना दुसऱ्या माशाच्या अंडाशयाचा तुकडा चिकटून येऊ शकतो. म्हणून त्याच ठोकळ्याच्या फितीतले मागचे-पुढचे छेद ओळीनं लावले. चिकटलेला तुकडा असता तर एखाद्या छेदात दिसून नाहीसा झाला असता. ही पेशी मात्र एका छेदात लहान, पुढच्यात मोठी, मग परत लहान होत गेली आणि चारही बाजूंनी वृषणाची ऊती तशीच राहिली. म्हणजे ती तिथंच वाढलेली होती. पुढं तशाच आणखी दोन सापडल्या. खोलीत कुणी बोलेना.

आमच्या नोंदवहीत लिंगाच्या रकान्यात फक्त 'न' आणि 'मा' लिहायची सोय आहे. त्या मुलीनं पेन हातात धरून विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, पेन्सिलीनं 'न' लिही आणि शेजारी सविस्तर लिही.

हे जगात नवं नाही. इंग्लंडच्या नद्यांत रोच नावाच्या माशाचे असे नर गळ टाकणाऱ्यांना आणि संशोधकांना आधीपासून दिसत होते. ब्रुनेल विद्यापीठाच्या सुझन जॉबलिंग, जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवून दिलं, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला अशा नरांचं प्रमाण फार मोठं आहे. बाईमाणूस असो वा पुरुष, आपल्या सगळ्यांच्या लघवीतून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जातं. शरीर ते निष्क्रिय करून बाहेर टाकतं, पण गटारातले जिवाणू त्याला जोडलेला तुकडा तोडतात आणि ते पुन्हा कामाला लागतं. त्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन आणि काही डिटर्जंटांपासून उरणारं, इस्ट्रोजेनसारखंच वागणारं नोनिलफिनॉल मिसळतं. नराच्या यकृतातही अंड्यातला बलक बनवणारा जनुक असतो, एरवी तो झोपलेला असतो. इस्ट्रोजेन पोचलं, की नराच्या रक्तातही बलकाचं प्रथिन उतरतं.

वर्गात कुणीतरी लगेच "गोळ्या खाणाऱ्या बायकांमुळं" म्हणालं, तेव्हा मी थांबवलं. दोष टाकायला बाई नेहमीच सापडते. नदीत पाणी सोडणारं अख्खं शहर आहे.

मात्रा किती लागते, हे ऐकून मुलं गप्प झाली. कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात 'लेक 260' या तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं होतं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. त्या तळ्यातले फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे जवळजवळ संपले. पाच नॅनोग्रॅम म्हणजे वीस कोटी लिटरला एक ग्रॅम. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजा, वीस हजार टँकरांत एक ग्रॅम. मेलेले मासे तरंगत नाहीत, वास येत नाही. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत ऑक्सिजन, बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), सामू (आम्लता) बघतात, त्यात हे दिसत नाही. उन्हाळ्यात आपली गोदावरी वाहत नाही, डोहाडोहांत साचते. पातळ करायला वरून पाणीच नसतं, तेव्हा खाली येणारं सांडपाणी हीच नदी होते.

पण एका माशावरून मी नदीबद्दल काहीही म्हणणार नाही. निरोगी पाण्यातही क्वचित असा नर निघतो. चिलापी असती तर मी विषयच सोडला असता, कारण नुसते नर मिळावेत म्हणून पिल्लांना संप्रेरकाचं खाद्य देतात आणि असं बीज नदीत सुटून आलेलं असू शकतं. ही बारीक मासळी मात्र नदीचीच. तुलना करायची तर शहराच्या वरची, विष्णुपुरीच्या बंधाऱ्याकडची मासळी हवी.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर गेले. आम्हाला मासळी देणारे भोईमामा जाळं झटकत होते. मेलेल्या माशाची ऊती तासाभरात खराब होते, म्हणून ऊती टिकवणाऱ्या बॉइनच्या पिवळ्या द्रावणाच्या बाटल्या आम्ही काठावरच नेतो, आणि दिवसभर बोटं हळदीसारखी पिवळी राहतात. मी फोनवर त्यांना त्या छेदाचा फोटो दाखवला आणि समजावून सांगितलं. त्यांनी बराच वेळ तो बघितला.

"नराच्या पोटात अंडं?"

"हो मामा."

"म्हंजे बीज कमी पडायलंय ते हेच्यामुळं?"

"तसं अजून म्हणता येत नाही. बघावं लागेल."

त्यांनी जाळ्यातली बोटभर मासळी तळहातावर घेतली, पोटावर अंगठा हलकेच दाबला. दूध निघालं, पांढरं, नराचंच. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी तो मासा माझ्या बाटलीत सोडला.

"वरून किती आणू?"

"चाळीस. आणि खालचेही चाळीस. वेगवेगळ्या डब्यांत."

"तारीख लिहून देतो," ते म्हणाले, आणि जाळ्याच्या कडेला अडकवलेला खडू मला दाखवला.