ब्लेंडरमधलं इंजिन आणि रात्रीचा पाऊण तास

ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वाफेचं रेल्वे इंजिन बनवतेय, बरीच वर्षं चाललंय आणि अजून बरंच बाकी आहे. नोकरी, घर, मुलीचा अभ्यास, आईबाबांची औषधं हे सगळं आहेच, त्यामुळे एवढा वेळ कुठून काढतेस असं सगळेच विचारतात. वेगळा वेळ काही काढत नाही, रात्री सगळं आवरलं की पाऊण तास मिळतो, तोही रोज नाही, मधे मधे पंधरा-वीस दिवस फाइल उघडलीच जात नाही.

माझं मत आता पक्कं झालंय, असे लांबलचक प्रोजेक्ट अर्धवट राहतात ते जास्त करून परत सुरू करताना येणाऱ्या कंटाळ्यामुळे. दोन आठवड्यांनी फाइल उघडली आणि मी कुठे होते हे शोधण्यातच अर्धा वेळ गेला की पुढच्या वेळी उघडावीशीच वाटत नाही. म्हणून उठायच्या आधीची पाच मिनिटं मी राखून ठेवते. ब्लेंडरच्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक नोट लिहिते, ती त्याच फाइलमध्ये सेव्ह होते, वेगळी शोधावी लागत नाही. आणि नोट एकदम बारीक हवी, "व्हॉल्व्ह गिअर पूर्ण करणे" असं लिहून काही उपयोग नाही. सध्या तिथे लिहिलंय, "उजवा कॉम्बिनेशन लिव्हर, खालचं टोक युनियन लिंकला जोडायचं, पिनची जाडी साइड ड्रॉइंगवरून". हे वाचलं की डोकं चालवायच्या आधी हात चालायला लागतात. ऑब्जेक्टना नावंही तेव्हाच देऊन टाकते, नाहीतर यादीत नुसते क्यूब आणि सिलिंडर दिसत राहतात.

दुसरं म्हणजे किती दमलोय ते बघून काम निवडायचं. ऑफिसमधून पिळून निघाल्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी, लावायचे, एक रिव्हेट नीट बनवायचा आणि ऑल्ट-डी मारून लिंक्ड कॉप्या करायच्या, सगळ्यांचा मेश, म्हणजे आकाराची जाळी, एकच असल्यामुळे नंतर एकाचा आकार बदलला की सगळ्यांचा बदलतो. डोकं न लावता होणारं काम आहे आणि तरी इंजिन पुढे सरकतं, मला ते फार आवडतं.

डोकं ताजं असेल तेव्हा मात्र व्हॉल्व्ह गिअर! वॉल्शार्ट्स नावाच्या बेल्जियन इंजिनियरने 1844 मध्ये शोधलेली ही रचना, सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची आणि कधी बंद करायची ते ठरवणाऱ्या दांड्यांची. चाकावरचा रिटर्न क्रँक नावाचा छोटा दांडा मुख्य क्रँकपासून (चाक फिरवणाऱ्या दांड्यापासून) साधारण 90 अंशांवर असतो, तो एक्स्पान्शन लिंकला, म्हणजे खाच असलेल्या एका वाकड्या पट्टीला, झुलवतो, आणि क्रॉसहेडकडून (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाला सरकणाऱ्या ठोकळ्याकडून) येणारी हालचाल कॉम्बिनेशन लिव्हर त्यात मिसळतो. आणि इथे एक मजा आहे. इंजिनाची बॉडी अर्धी बनवून मिरर मॉडिफायर लावला, की दुसरी अर्धी आरशासारखी आपोआप बनते आणि काम झालं, पण दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांपासून 90 अंश फिरवलेले असतात, म्हणजे एक बाजू अगदी टोकाला अडकली तरी दुसरी जोर लावू शकते आणि इंजिन सुरू होतं. त्यामुळे चालणारे दांडे नुसते मिरर करून भागत नाही, दोन्ही बाजूंना स्वतंत्र रिग, म्हणजे भाग हलवण्यासाठीची जोडणी, लागतो. हे एकदा कळलं की चाकं फिरवून बघताना दांडे मागेपुढे पळताना दिसतात आणि आपण खरंच एक यंत्र बनवतोय असं वाटतं, त्या दिवशी झोप उशिरा झाली तरी चालतं.

बाकी एक सल्ला, प्रोजेक्ट वर्षानुवर्षं चालणार असेल तर ब्लेंडरची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्ती धरून बसा, तिला दोन वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात. नवीन फीचर बघून हात शिवशिवतात, मान्य आहे, पण ते वेगळ्या रिकाम्या फाइलमध्ये खेळून बघा. आणि चाकं, बॉयलर, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) वेगवेगळ्या फाइलींमध्ये ठेवून मुख्य सीनमध्ये लिंक करा, पाऊण तासातला वेळ जड फाइल उघडण्यात घालवायला आपल्याकडे नाहीये.

घरच्यांचं म्हणाल तर परीक्षेच्या दिवसांत किंवा कोणी आजारी असताना मी कॉम्प्युटर उघडतसुद्धा नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही, मॉडेल कुठे पळून जात नाही. आता उजवी बाजू संपली की डाव्या बाजूचा रिग, मग टेंडरचे ब्रेक. ब्रेकच्या दांड्यांची ड्रॉइंग अजून नीट लावलेली नाहीत, तेच काम या आठवड्यातल्या दमलेल्या रात्रींसाठी ठेवलंय.