सुरमईचा काटा आणि समुद्रतळाचा चिखल

रविवारी पानातला सुरमईचा काटा बाजूला सारताना मला नियोडिमियम आठवते, या खुळाची आता घरच्यांना सवय झाली आहे. पण खोल समुद्राच्या गाळात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, म्हणजे नियोडिमियम आणि त्याच्या गटातले इतर धातू, कशी साठतात, याचे बरेचसे उत्तर खरोखरच माशांच्या हाडांत आणि दातांत आहे.

यासुहिरो कातो यांच्या जपानी गटाने २०११ मध्ये पॅसिफिकच्या तळावरील अशा गाळाचे विस्तीर्ण पट्टे दाखवून दिले. पुढे मिनामितोरीशिमा बेटाजवळ साडेपाच किलोमीटरहून अधिक खोलीवर जो चिखल मिळाला, त्यात काही थरांमध्ये टनामागे पाच किलोंहून अधिक दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आढळली. टनभर समुद्राच्या पाण्यात नियोडिमियम असते जेमतेम काही मायक्रोग्रॅम! जिवंत माशाच्या हाडातही ते नगण्यच असते. मासा मेल्यावर हाड तळाशी जाते आणि त्यातील अपॅटाइट, म्हणजे कॅल्शियमचे फॉस्फेट, आजूबाजूच्या आणि गाळात मुरलेल्या पाण्यातून ही मूलद्रव्ये सावकाश शोषू लागते. त्यांचे आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळचे असल्यामुळे स्फटिकात त्याची जागा घेऊ शकतात. याच गटातले सिरियम मात्र या पंगतीत फारसे बसत नाही, कारण त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते समुद्रतळावरच्या मँगनीजच्या गोट्यांकडे ओढले जाते.

या शोषणाला वेळ लागतो आणि इथेच आपल्या ठाण्याच्या खाडीशी तुलना करावीशी वाटते. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला दिसणाऱ्या चिखलात नद्यानाल्यांची माती सतत येऊन पडते, त्यामुळे एखादे हाड पाण्याच्या संपर्कात फार काळ राहण्याआधीच गाडले जाते आणि जे काही साठेल तेही मातीत विरळ होते. किनाऱ्यापासून दूर, खोल पॅसिफिकमध्ये हजार वर्षांत गाळाचा थर जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. शिवाय तिथे सूक्ष्म जीवांचे चुनखडीचे कवच विरघळून जात असल्यामुळे भेसळ आणखी कमी होते.

तरी सगळेच खोल तळ सारखे समृद्ध नाहीत. मिनामितोरीशिमाच्या सर्वांत समृद्ध थराचे वय जपानी संशोधकांनी सुमारे ३.४ कोटी वर्षे काढले आहे. त्यांच्या मते अंटार्क्टिकावर बर्फ साठू लागल्यावर खोल पाण्याचे प्रवाह बळावले, समुद्रातील डोंगरांवर आदळून पोषकद्रव्ये वर आली आणि तेथे मासे वाढले. त्याच माशांचे काटे तो थर घडवून गेले.