तुम्ही विचारलंत म्हणून : लॉज असताना गाडीत कशाला?

आम्ही दोघं जुन्या व्हॅनमध्येच झोपत कोकण किनारा फिरतो. त्यावर सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत भेटलेल्यांनी विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, विजापूर रोडच्या गॅरेजात तेल बदलायला उभे होतो तर शेजारच्या गाडीवाल्यानंही विचारलं : "तिकडं कोकणात लॉज मिळत नाहीत का हो?" मिळतात. गणपतीपुळ्यात तर पाट्याच पाट्या आहेत. मग जरा हसून दुसरा प्रश्न येतो : "आणि गाडी वाळूत रुतली होती म्हणे?" दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकते.

आधी पैशांचं. गाडीत झोपणं स्वस्त पडतं, असं आम्हीच पूर्वी सांगत फिरायचो. ते खोटं आहे. जुन्या व्हॅनमध्ये पलंग, पेट्या, पडदे, पंखा आणि वेगळी बॅटरी मिळून 80 हजार गेले. खोली 1,600 रुपयांची धरली तर 50 रात्रींनी बरोबरी होणार. आमच्या आजवर 31 झाल्या, आणि यात पेट्रोल धरलेलं नाही. तेव्हा चिक्कूपणाचा आरोप तरी मागं घ्या.

पलंग सुटा आहे. एक इंची चौकोनी पाइपची चौकट, तिच्यावर 12 एमएमचं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लाय, दोन तुकड्यांत. साधं प्लाय दमट हवेत फुगतं आणि त्याचे पदर सुटतात. चौकट गाडीला वेल्ड केलेली नाही, पट्ट्यांनी आवळलेली आहे. आरसी बुकात आहे त्याहून वेगळी गाडी करून टाकली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि विमावाले अपघातानंतर पहिल्यांदा तेच बघतात. गादीखाली काथ्याची चटई हवीच, नाहीतर चौथ्या दिवशी गादीच्या पोटाला बुरशी येते. छोटा गॅस सिलिंडर चालतो, पण शेगडी पेटवायची ती गाडीबाहेर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर पलंगाखाली तळाशी साचून राहतो आणि वर झोपलेल्याला वास लागायला उशीर होतो.

सोलापूरकराला ओल कळत नाही, ही खरी अडचण. पहिल्या फेरीला आम्ही घरची जाड सोलापुरी चादर नेली. तिसऱ्या रात्री ती ओली म्हणावी तर ओली नाही, कोरडी म्हणावी तर अंगाला चिकटते. दिवसभर उन्हात टाकली, कडक वाळली, आणि रात्री दहाला पुन्हा तशीच. कारण आहे मीठ. समुद्राकडच्या वाऱ्यातून ते कापडावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळतं. म्हणजे ऊन कितीही दिलं तरी उपयोग नाही, गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढायला हवं. त्यासाठी 20 लिटरचे दोन कॅन निव्वळ धुण्याचे, प्यायचं पाणी वेगळं. कडक भाकरीचं तेच. सोलापुरात ती आठवडेच्या आठवडे टिकते, तिकडं उघड्या टोपलीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी सादळून चामड्यासारखी होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि रोजच्यापुरती काढून घेऊन तो लगेच बंद. शेंगाचटणीला काही होत नाही.

रस्ता तुम्हाला माहीत आहे : सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, रत्नागिरी. घाट उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. तिथून उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ आणि वेश्वी-बागमांडला या तीन फेरीबोटींनी तीन खाड्या ओलांडल्या की हरिहरेश्वर. ओहोटीला धक्क्याचा उतार लांबतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो, तिथं ब्रेक मारायचा नाही, आधीच हळू व्हायचं. एकीकडे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, दुसरीकडे कडा, खाली पाणी. वर्णन करत नाही, फोटो तुम्ही बघितलेत. गाडी मी चालवते. हे मुद्दाम लिहिते, कारण रुतल्याचं ऐकलं की लोक ह्यांच्याकडं बघून हसतात.

तर ते रुतणं.

किनाऱ्याचं नाव देत नाही. वाहनं नेऊ नयेत असा फलक तिथं होता आणि आम्ही तो वाचला होता. पुढं चाकांच्या जुन्या खुणाही होत्या, म्हणजे लोक जातात, एवढ्यावर आम्ही गेलो. माघ वद्य द्वितीया होती. पंचांगाचा आडाखा सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती, मग साडेसात-पावणेआठला ओहोटी, पुन्हा रात्री दोनच्या आत-बाहेर भरती. हे गणित मी चारचौघांत मोठ्या ऐटीत करून दाखवायचे. साडेपाचला गाडी खाली घातली. ओहोटीनं मोकळी केलेली ओली वाळू डांबरासारखी असते, कणांमधलं पाणी कणांना धरून ठेवतं. अर्धा किलोमीटर गेलो, सूर्य बघितला, परत फिरलो.

धोका त्या ओल्या वाळूत नव्हताच. तो होता तिच्या वर, भरतीच्या रेषेपासून सुरूच्या झाडांपर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांच्या कोरड्या पट्ट्यात. तिथले कण सुटे. उतरताना उतार आणि वेग दोन्ही आपल्या बाजूनं असतात, पट्टा कधी ओलांडला ते कळतही नाही. चढताना तोच पट्टा वाट्याला येतो, आणि तोही चढाचा.

पुढची चाकं कोरड्यात गेली आणि मागची एकदा जागच्या जागी फिरली. तिथंच पाय उचलायला हवा होता. मी दाबला. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, आणि पलंग, पाणी, पेट्या सगळं वजनही मागंच. दोन-तीन सेकंदांत ती चाकं आसापर्यंत खाली गेली आणि गाडी पोटावर बसली. एकदा पोट टेकलं की वजन वाळूवर जातं, चाकं नुसती मोकळी फिरतात आणि खड्डा खोल करतात.

करायचं काय ते माहीत होतं, ते केलंही. पाणी ओतून कॅन रिकामे केले, सगळं सामान उतरवलं. चारी टायरची हवा 18 पीएसआयवर आणली, म्हणजे टायर पसरतो आणि कमी रुततो. फावड्यानं चाकांच्या पुढं उताराचा चर खणला आणि पोटाखालची वाळू ओढून काढली. जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली गेला. त्याच्याखाली रुंद फळी लागते, आणि आमच्याकडं फळ्या दोनच, पलंगाच्या. एक जॅकखाली, एक चाकाखाली. चाकाखालची मोडली. असं चार तास.

पूर्वीच्या मला इथं दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, भरतीची वेळ म्हणजे पाणी टोकाला पोचायची वेळ. तुमच्या चाकाला ते त्याच्या तास-दीड तास आधीच लागतं, आणि मधल्या दोन तासांत निम्मी भरती चढून जाते. दुसरी, सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेला येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. दुपारच्या भरतीनं आणलेल्या काटक्यांची रेषा आमच्या मागच्या चाकांच्या वर होती, आणि ती मला टॉर्चच्या उजेडात दहा वाजता दिसली.

मदतीला आधीच का गेलो नाही? फलक. लाज. तुम्ही मला मूर्ख म्हणा, पण ते चार तास आम्ही दोघांनी एकमेकांशी भांडणसुद्धा हळू आवाजात केलं. साडेदहाला हे वाडीत गेले. अकरा माणसं आणि होडी ओढायचा नायलॉनचा दोर आला. बंपरला बांधायला आम्ही धावलो, त्यांनी थांबवलं. बंपरला बांधलं तर बंपर हातात येतो, गाडी जागेवर राहते. पान्यांच्या पिशवीतला टो हूक पुढं पिळून बसवला. मी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू, ॲक्सिलरेटर जेमतेम. पहिल्या गिअरला जोर जास्त, म्हणून चाकं लगेच फिरतात. तिसऱ्या ओढीला गाडी हलली, पाचव्या ओढीला सुरूखाली आली. तोवर मागच्या खड्ड्यांत पाणी भरलं होतं. त्यांनी दोन हजार घेतले. घ्यायलाच हवे होते.

खाऱ्या पाण्यानंतर पोटाखालून गोड्या पाण्याची धार लवकरात लवकर मारायची, मागचे ब्रेकचे ड्रम उघडून वाळू काढायची आणि डिफरेन्शियलचं, म्हणजे मागच्या आसावरच्या गिअरपेटीचं, तेल बघायचं, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, बदलायचं. आमचं दुधाळ निघालं.

इथवर मी सगळ्यांना सांगते, हसून सांगते. पुढचं सांगत नाही.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा मोसम. मादी रात्री वर येते आणि भरतीच्या रेषेच्या वर, त्याच कोरड्या मऊ वाळूत, दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते. म्हणजे आम्ही चार तास फावडं मारलं ती जागा. कासवमित्र पहाटे तिच्या परतीच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी कुंपणातल्या उबवणी केंद्रात नेतात. खुणाच पुसल्या गेल्या तर शोधणार कसे?

उजाडता एक तरुण आला. त्यानं आमची गाडी बघितली, तुडवलेली वाळू बघितली, आणि काही न बोलता पातळ काठी घेऊन बसला. वाळूत ती हळू दाबायची, जिथं पोकळ लागेल तिथं हातानं उकरायचं. आमच्या चरांच्या कडेकडेनं तो तासभर काठी दाबत होता. काही सापडलं नाही. म्हणजे तिथं काही नव्हतं की काही कळण्याजोगं उरलं नव्हतं, हे मी त्याला विचारलं नाही. त्या मोसमातली घरटी आधीच हलवली असतील, असं हे म्हणतात. असतील.

आता गाडी वाळूत जात नाही. कुणाच्या अंगणात किंवा देवळामागं विचारून उभी करतो, रात्रीचे दीडशे देतो. मग लॉजच का नाही, हा तुमचा प्रश्न परत उभा राहतो, आणि माझ्याकडं त्याचं धड उत्तर नाही. खोली घेतली की मी भरतीचं गणित करत नाही, पहाटे चारला ओहोटी आहे म्हणून उठत नाही, एवढं मात्र खरं. पण गणित करायला मिळतं म्हणून जायचं, तर त्या गणितानं काय केलं ते वर लिहिलंच आहे.

यंदा गड्डा उरकला की निघतोय. मोडलेल्या फळीच्या जागी नवी करून घेतली, या वेळी 18 एमएमची. झोपायला 12 पुरे आहे, असं सुतार म्हणाला. जास्त जाड कशाला हवी, ते मी त्याला सांगितलं नाही.